कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या त्वचेवर प्रकाशाचा उपचार

साठीच्या आसपासची एखादी बाई दवाखान्यात येते. गुडघ्यांचे सांगते, रक्तदाबाचे सांगते, झोप लागत नाही म्हणते. चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता, सोबत आलेली सून बाहेर गेली आहे ना हे पाहून, हळूच म्हणते, ‘डॉक्टर, खाली फार खाज सुटते हो. रात्री तर जीव नकोसा होतो.’ कधीपासून, असे विचारले की उत्तर दिवसांत येत नाही, वर्षांत येते. मधल्या काळात खोबरेल तेल लावून झालेले असते, जंतुनाशकाच्या पाण्याने धुऊन झालेले असते आणि औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या तीन-चार ट्यूब संपलेल्या असतात. कुणी नीट पाहिलेले मात्र नसते.

अशा खाजेचे कारण बहुतेक वेळा साधेच निघते. बुरशीचा संसर्ग, मधुमेह, साबणाची किंवा पॅडची ॲलर्जी, पाळी गेल्यानंतर येणारा कोरडेपणा ही त्यातली नेहमीची कारणे. पण थोड्या स्त्रियांमध्ये त्या खाजेमागे त्वचेचा असा आजार असतो, जो आज कर्करोग नसतो, पण दुर्लक्ष झाले तर उद्या होऊ शकतो. या टप्प्यावर निदान झाले तर कर्करोग टाळता येतो. प्रश्न उरतो तो उपचाराचा. शरीराचा हा भाग इतका नाजूक आणि आयुष्याच्या इतका आतला की नुसते ‘कापून टाकू’ हे उत्तर पुरत नाही. त्यामुळेच गेली पंचवीस-तीस वर्षे काही संशोधक एका वेगळ्या साधनाकडे वळले आहेत. ते साधन म्हणजे प्रकाश.

एकाच जागी तीन वेगळे आजार

योनिमुखाभोवतीच्या त्वचेवर होणाऱ्या या बदलांत तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली, लायकेन स्क्लेरोसस. यात त्वचा पांढुरकी, पातळ, सिगारेटच्या कागदासारखी चुरगळलेली दिसू लागते. खाज प्रचंड असते, विशेषतः रात्री. पुढे भगोष्ठ आक्रसतात, योनिमुख अरुंद होते, शरीरसंबंध आणि कधीकधी लघवीही त्रासाची होते. हा संसर्ग नाही आणि तो कुणाला लागत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच त्वचेवर उलटल्याने तो होतो, असे मानले जाते. पाळी गेल्यानंतर तो जास्त दिसतो. लहान मुलींमध्येही आढळतो. पांढऱ्या डागांमुळे अनेकदा त्याला कोड समजले जाते, पण कोडाला खाज सहसा नसते आणि कोडात त्वचेचा पोतही बदलत नाही.

दुसरी, एचपीव्ही या विषाणूमुळे होणारे कर्करोगपूर्व बदल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असलेला हाच विषाणू, आणि त्यातही प्रामुख्याने त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार, इथल्या त्वचेच्या पेशींना बिघडवतो. तुलनेने तरुण स्त्रियांमध्ये हे बदल दिसतात, बऱ्याचदा एकाच वेळी अनेक ठिकाणी. धूम्रपान करणाऱ्या, एचआयव्हीबाधित किंवा अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या स्त्रियांना धोका जास्त.

तिसरी, उतारवयात लायकेन स्क्लेरोससच्या जमिनीवर उगवणारी. तिला ‘डिफरन्शिएटेड व्हीआयएन’ म्हणतात. ती तुलनेने कमी आढळते, डोळ्यांना फारशी वेगळी दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीही सहज चकवते आणि तिन्हींत सर्वांत वेगाने कर्करोगाकडे जाते.

नावे बाजूला ठेवली तरी एक मुद्दा पक्का लक्षात ठेवावा लागतो. नुसत्या नजरेने यातले नेमके काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी बायोप्सी लागते. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढायचा आणि पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा. काम काही मिनिटांचे असते. त्याला भूल द्यावी लागत नाही आणि मोठे रुग्णालयही लागत नाही.

कापले तरी परत येते

एचपीव्हीमुळे होणाऱ्या बदलांवर अनेक दशके एकच मुख्य उपचार होता, शस्त्रक्रिया. एके काळी तर योनिमुखाचा मोठा भाग किंवा संपूर्ण त्वचाच काढली जाई. आजार थांबे, पण चाळिशीतल्या बाईला आरशात पाहवत नसे आणि नवऱ्याजवळ जाणे नकोसे होई. त्यानंतर शस्त्रक्रिया लहान होत गेल्या, लेसरने वरचा थर जाळण्याची पद्धत आली, तरी मूळ अडचण राहिलीच. विषाणू आसपासच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ असूनही १७ टक्के स्त्रियांमध्ये आजार परतला होता. कडांवर आजार उरलेला असेल तर हे प्रमाण ४७ टक्के होते.

मग काहीच केले नाही तर? त्याच आढाव्यात उपचार न घेतलेल्या ८८ स्त्रियांची नोंद होती. त्यातल्या ९ टक्के स्त्रियांना पुढच्या एक ते आठ वर्षांत कर्करोग झाला. म्हणजे वाट पाहत बसणे परवडणारे नाही, आणि पुन्हा पुन्हा कापत राहणेही नाही. आजारी पेशी तेवढ्या मरतील आणि खालची त्वचा, नसा, आकार जागच्या जागी राहतील, असे काही हवे होते.

म्युनिकच्या प्रयोगशाळेतले वादळ

प्रकाशाच्या उपचाराची गोष्ट मात्र याच्या फार आधी सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी हेर्मान फॉन टापाइनर या प्राध्यापकांकडे काम करत होता. पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर अॅक्रिडीन नावाच्या रंगद्रव्याचा काय परिणाम होतो, हे तो पाहत होता. द्रव्य तेच, मात्रा तीच, तरी एका दिवशी जीव लवकर मरत आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी वेळ जगत. विचार करताना त्याच्या लक्षात आले की ज्या दिवशी जीव जगले, त्या दिवशी वादळ होते आणि आभाळ अंधारून आले होते. मारक ठरत होती ती द्रव्य आणि उजेड यांची जोडी. द्रव्य एकटे फारसे काही करत नव्हते, उजेड एकटाही नाही. १९०० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. टापाइनर यांनी पुढे दाखवले की या जोडीला तिसरा भिडू लागतो, तो म्हणजे प्राणवायू. १९०३ मध्ये तर त्यांनी एका त्वचारोगतज्ज्ञाच्या साथीने इओसिन हे रंगद्रव्य आणि प्रकाश वापरून त्वचेच्या गाठींवर उपचारही करून पाहिले.

औषध आणि ऊन यांची जोडी आपल्याकडेही अनोळखी नाही. कोडावर बावचीचे बी लावून उन्हात बसवण्याचा उपचार आयुर्वेदात फार जुना आहे. बावचीतल्या सोरालेन या द्रव्यावर अतिनील किरण पडले की ते पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटते. म्युनिकची वाट यापेक्षा वेगळी होती. तिथे प्रकाशाने जागे झालेले द्रव्य प्राणवायूला हत्यार बनवत होते.

हे हत्यार किती धारदार आहे, हे १९१२ मध्ये फ्रीड्रिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या अंगावर पाहिले. रक्ताच्या लाल रंगाशी नाते असलेले हिमॅटोपॉर्फिरिन हे द्रव्य त्याने २०० मिलिग्रॅम इतके टोचून घेतले आणि तो उन्हात गेला. त्याचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला आणि पुढचे दोन महिने त्याला ऊन सोसले नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत बफलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी याच कुळातल्या द्रव्यांवरून कर्करोगाचा उपचार उभा केला. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी, थोडक्यात पीडीटी, हे नाव रूढ झाले. अडचण एकच होती. द्रव्य शिरेतून द्यावे लागे आणि रुग्णाला कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत, पडदे ओढून राहावे लागे.

पेशीकडूनच बनवून घ्यायचे

ही अडचण कॅनडातील किंग्स्टन शहरातल्या जेम्स केनेडी आणि रॉय पॉटियर यांनी एका साध्या कल्पनेने सोडवली. १९९० मध्ये त्यांनी मांडले की प्रकाशाला प्रतिसाद देणारे द्रव्य बाहेरून टोचण्याऐवजी ते पेशीलाच बनवू द्यावे.

शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी हीम नावाचा घटक बनवत असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधले हीम तेच. या कारखान्यातला सुरुवातीचा कच्चा माल म्हणजे अमायनोलेव्हुलिनिक ॲसिड, संक्षेपात एएलए. त्याच्यापासून टप्प्याटप्प्याने प्रोटोपॉर्फिरिन-९ तयार होते आणि शेवटी त्यात लोहाचा अणू बसवला की हीम. त्वचेवर एएलएचे मलम भरपूर लावले, तर कच्चा माल अचानक वाढतो. शेवटचे लोह बसवण्याचे काम मात्र त्या गतीने होत नाही, आणि पेशीत प्रोटोपॉर्फिरिनचा साठा तुंबतो. बिघडलेल्या पेशींमध्ये हे तुंबणे निरोगी पेशींपेक्षा जास्त असते. त्यांच्यावरचे बिघडलेले आवरणही मलमाला सहज आत जाऊ देते.

या तुंबलेल्या पेशी निळ्या प्रकाशात विटेसारख्या लाल चमकतात. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा आजाराचा विस्तारही कधीकधी दिसतो. मग त्यांच्यावर साधारण ६३० ते ६३५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश टाकला जातो. प्रोटोपॉर्फिरिन ती ऊर्जा शोषते आणि शेजारच्या प्राणवायूला देते. असा चेतलेला प्राणवायू, म्हणजे सिंगलेट ऑक्सिजन, अतिशय आक्रमक असतो, पण त्याचे आयुष्य क्षणाच्याही बारीकशा अंशाइतके. तो जिथे जन्मतो तिथेच, एका पेशीच्या आतच, जे सापडेल ते जाळून संपतो. म्हणूनच ज्या पेशीत साठा आहे ती मरते आणि शेजारची बऱ्याच अंशी वाचते. त्वचेखालच्या कोलॅजनच्या जाळ्याला धक्का लागत नाही, त्यामुळे व्रण क्वचितच राहतो.

प्रत्यक्षात काय होते

उपचार लिहिला तर दोन ओळींचा आहे. मलम किंवा द्रावण लावून वरून पातळ फिल्म चिकटवायची, काही तास थांबायचे, मलम पुसून लाल प्रकाश द्यायचा. प्रकाशाचा भाग साधारण मिनिटांत मोजण्याइतका असतो. पण ती मिनिटे सोपी नसतात. जळजळ आणि टोचणी इतकी तीव्र असू शकते की गार हवेचा झोत, जागा बधिर करणारी औषधे आणि काही स्त्रियांना चक्क भूल द्यावी लागते. नंतर काही दिवस सूज, लाली, लघवीच्या वेळी आग असा त्रास होतो. दोन-तीन आठवड्यांत त्वचा भरून येते. लावलेल्या जागेला एक-दोन दिवस प्रखर उजेडापासून जपावे लागते, पण अंधाऱ्या खोलीत राहण्याची वेळ येत नाही. गरज पडली तर हा उपचार पुन्हा करता येतो, आणि प्रत्येक वेळी शरीराचा थोडा थोडा भाग गमवावा लागत नाही.

आकडे काय सांगतात

इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन डॉक्टरांच्या अभ्यासात २५ स्त्रियांवर एएलए आणि लाल प्रकाशाचा उपचार झाला. निम्म्याच्या आसपास स्त्रियांमध्ये आजार पूर्ण गेला. रंगाने गडद आणि जाड, खरखरीत झालेल्या चट्ट्यांनी मात्र दाद कमी दिली. त्याचे कारण सरळ आहे. जाड थरातून ना मलम उतरते ना प्रकाश, आणि त्वचेतले मेलॅनिन प्रकाश वाटेतच शोषून घेते. सावळ्या त्वचेच्या आपल्या देशात हा मुद्दा बाजूला सारता येणार नाही. केसाळ भागात आजार केसांच्या मुळांबरोबर खोल उतरलेला असू शकतो, तिथेही वरून दिलेला उपचार तोकडा पडतो.

मँचेस्टरच्या गटाने मग दोन उपचार जोडले. प्रतिकारशक्तीला चेतवणारे इमिक्विमोड हे मलम आधी काही आठवडे लावायचे आणि नंतर पीडीटी करायची. २०१० मध्ये त्यांनी २० स्त्रियांचे निष्कर्ष मांडले. २६ आठवड्यांनी ५५ टक्के आणि ५२ आठवड्यांनी ६५ टक्के स्त्रियांनी उपचाराला प्रतिसाद दिला होता. वेळ जाईल तसा प्रतिसाद वाढावा, यावरून एक धागा हाती येतो. प्रकाश काही पेशी मारतो हे खरे, पण उरलेले काम बहुधा शरीराचे स्वतःचे सैनिक करतात. ज्यांची प्रतिकारयंत्रणा जागी होते त्यांचा आजार जातो.

लायकेन स्क्लेरोससमध्येही पीडीटी वापरून पाहिली गेली आहे. १९९९ मधल्या एका छोट्या अभ्यासात १२ पैकी १० स्त्रियांची खाज लक्षणीय कमी झाली. पण हा आराम कायमचा नसतो, आणि या आजारावरचा पहिला उपचार आजही एक साधे मलमच आहे, क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड. ऑस्ट्रेलियात ५०७ स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०१५ मध्ये जे दिसले ते कुणाही डॉक्टरने भिंतीवर लावावे असे आहे. सांगितल्याप्रमाणे नियमित मलम लावणाऱ्या ३५७ स्त्रियांपैकी एकीलाही योनिमुखाचा कर्करोग किंवा कर्करोगपूर्व बदल झाला नाही. अधूनमधून लावणाऱ्या १५० जणींमध्ये ७ जणींना झाला.

एचपीव्हीच्या आजारातही शस्त्रक्रियेला तुल्यबळ ठरलेले पहिले औषध मलमाच्याच रूपात आले. ऑस्ट्रियातील ११० स्त्रियांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत इमिक्विमोड लावलेल्या ४६ पैकी ३७ आणि शस्त्रक्रिया झालेल्या ५२ पैकी ४१ स्त्रिया सहा महिन्यांनी आजारमुक्त होत्या. म्हणजे दोन्हीकडे ८० टक्क्यांच्या आसपास.

पीडीटीच्या मागे अशा आकाराची चाचणी उभी नाही. त्यामुळे तिची आजची जागा पहिल्या फळीत नाही. मलमाने गुण आला नाही, शस्त्रक्रिया करून आजार परतला, किंवा शिश्निका, मूत्रमार्गाचे तोंड अशा ठिकाणी चट्टा आहे जिथे सुरी लावायला शल्यचिकित्सकाचाही हात धजत नाही, तिथे ती अनुभवी केंद्रात विचारात घेण्याजोगी आहे. पण ती कुणासाठी नाही, हे तितकेच स्पष्ट आहे. डिफरन्शिएटेड व्हीआयएनवर शस्त्रक्रियाच करावी लागते, कारण वाट पाहायला तिथे वेळ नसतो. आणि बायोप्सीशिवाय पीडीटी करणे म्हणजे डोळे मिटून वार करणे. आधी उल्लेख केलेल्या आढाव्यात कर्करोगपूर्व म्हणून काढलेल्या भागांत ३.२ टक्के वेळा आत लपलेला कर्करोग निघाला होता. कापलेला तुकडा तपासता येतो. प्रकाशाने मेलेल्या पेशींचा असा कुठलाही पुरावा मागे राहत नाही.

दुकानातली ट्यूब आणि हातातला आरसा

आपल्याकडे या सगळ्याच्या आधीची एक पायरी अडखळलेली आहे. खाज म्हटले की औषधाच्या दुकानात मिळते ती स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची मिसळ असलेली ट्यूब. तिने चार दिवस आराम पडतो, त्वचेचे रूप बदलते, आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत निदान अवघड होऊन बसते. तीव्र स्टिरॉइड लायकेन स्क्लेरोससमध्ये जीव वाचवते, हे खरे आहे. पण तेच बुरशीच्या आजारावर लावले तर आजार पसरतो. औषध चांगले की वाईट हा प्रश्न नसतोच. ते कशावर लावतो आहोत हे माहीत असण्याचा तो प्रश्न असतो.

त्यासाठी फार काही लागत नाही. महिन्यातून एकदा हातात छोटा आरसा धरून पाहावे. पांढरा, लाल किंवा गडद झालेला डाग, जाड झालेली त्वचा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, चीर पडून रक्त येणे, किंवा उपचार करूनही न थांबणारी खाज यांपैकी काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि ‘बघून सांगा’ असा आग्रह धरावा. एचपीव्हीचा आजार निघाला तर गर्भाशयमुखाचीही तपासणी करून घ्यावी, कारण विषाणू एकाच जागी थांबत नाही. धूम्रपान असेल तर सोडावे. आणि घरातल्या मुलींना एचपीव्हीची लस द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे आणि ती १६ व १८ क्रमांकाच्या प्रकारांपासून संरक्षण देते. झालेला आजार ती बरा करत नाही. पुढच्या पिढीत तो होऊ नये, यासाठी ती आहे.

ऑस्कर राबच्या पॅरामेशियमपासून आजच्या लाल दिव्यांपर्यंत सव्वाशे वर्षे गेली. या काळात प्रकाश कुठे आणि किती टाकायचा, हे डॉक्टर शिकले. दवाखान्यातून उठता उठता हळू आवाजात सांगितलेली ती तक्रार खुर्चीत बसल्या बसल्या, पहिल्याच वाक्यात सांगितली गेली, तर यातल्या बहुतेक जणींना प्रकाशाची नाही, मलमाचीच गरज पडेल.